बघितलेलं आणि ऐकलेलं

कासारीण मावशी बातम्या सांगायची त्या हात बघून. उजव्या हातात बांगड्या भरताना ती फक्त स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं सांगायची. डाव्या हाताला लागली की ऐकलेलं. हा नियम तिला कुणी घालून दिला होता माहीत नाही, पण आमच्या वस्तीतल्या सगळ्या बायकांना तो पाठ होता. एखादी गोष्ट रंगात आलेली असायची, कुणाची तरी सून भांडून माहेरच्या वाटेला लागलेली असायची, आणि नेमकं तेव्हाच उजव्या हाताचं अर्धं डझन भरून संपायचं. मावशी तो हात खाली ठेवायची आणि डावा उचलायची. तेव्हा आमची चुलती म्हणायची, "गेली का गोष्ट डाव्यावर? आता जरा निवडून घ्या गं बायांनो."

मावशी हसायची. "ऐकल्यालं हाय म्हनून खोटंच असतंय का? असंल बी खरं. पर माजं नाव सांगू नका."

ती पलूसची. आमची वस्ती तिथून दोन कोसांवर, उसाच्या रानांमध्ये. सकाळी वरच्या आळीतले हात भरून ती दुपारी आमच्याकडे उतरायची. विहाराच्या कट्ट्यावर टोपली ठेवायची आणि कुणाच्याही घरात शिरून आधी भाकरी मागायची. वरच्या आळीत तिला एकीनं विचारलं होतं, तू त्यांच्यात जेवतीस व्हय? मावशी म्हणाली होती, "व्हय. तुमच्यापेक्षा कोरड्यास चांगलं करत्यात." हे तिनं आम्हाला उजव्या हातावर सांगितलं, त्यामुळे ती तसं म्हणाली होती याबद्दल शंका नव्हती.

एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी ती हमखास यायची. त्या वेळी टोपलीत निळ्या बांगड्या जास्त असायच्या. बायका ओळीनं बसायच्या. ज्यांचे हात कामानं राठ झालेले, त्यांच्या हातातून लहान मापाची बांगडी चढवणं म्हणजे कसब. मावशी अंगठ्याच्या मुळाशी दाबायची, बोटं एकत्र करायची आणि बोलत राहायची. तुमच्याकडेही अशी कुणी येत असेल तर तुम्हाला माहीत असेल, की बोलण्याचा त्या कामाशी संबंध असतो. ऐकणारीचा हात सैल पडतो आणि बांगडी सरकते. मावशी ते लपवायची नाही. "माजा बी लय भरवसा धरू नका," म्हणायची. "मला बांगड्या इकायच्यात. गोष्ट सपाक झाली की हात आवळतुया, आन् बांगडी माजी फुटती."

दुसऱ्यांच्या गोष्टी मात्र ती फार बारकाईनं ऐकायची. आमच्या शेजारच्या हौसाबाई एकदा कट्ट्यावर येऊन रडल्या. सुनेनं जेवणाचं ताट अंगावर फेकलं म्हणाल्या. सगळ्या बायका हळहळल्या. मावशीनं विचारलं, "ताटात काय हुतं वो?"

"काय हुतं म्हंजे? जेवान हुतं."

"जेवान म्हंजे काय? आमटी हुती का भात हुता?"

हौसाबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "आसंल कायतरी. मला काय ध्यान ऱ्हातंय व्हय त्या येळंला?"

"लुगड्यावर सांडलं आसंल की. धुतलं कुणी?"

हौसाबाई उठून गेल्या. संध्याकाळपर्यंत कळलं, की ताट फेकलं नव्हतं, आपटलं होतं, आणि ते रिकामं होतं. मावशीला त्याचा आनंद वगैरे झाला नाही. एवढंच म्हणाली, "आपटलं म्हनली आसती तरी बी आमाला वाईट वाटलं आसतं. फेकाय कशाला पायजे?"

तिचं म्हणणं असं, की जो माणूस खरोखर तिथं असतो त्याला एखादी बिनकामाची गोष्ट आठवते. आगीची हकीकत सांगताना तो मध्येच सांगतो, की कोंबडी कुठं पळाली. ज्यानं ऐकलेलं असतं त्याच्याकडे फक्त कामाच्या गोष्टी असतात, एकापाठोपाठ एक. "ज्याला सगळं वळीनं सांगता येतंय, त्यो तितं नव्हता," असं ती म्हणायची. मी हे ऐकत वाढले. मी बोलत नसे, म्हणून मला ऐकायला वेळ पुष्कळ होता.

माझा हात तिला अवघड जायचा. मी लाजरी. चार माणसांत हात पुढं करायचा म्हटलं तरी मूठ वळायची. माझ्या मनगटावर तिच्या कितीतरी बांगड्या फुटल्या, त्यांचे पैसे तिनं आईकडे कधी मागितले नाहीत. "ही पोरगी आतनं कुलूप लावून बसलिया," म्हणायची. "शालन, आगं बांगडी भरतीया, सुई न्हाई टोचत."

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढं का झाली नाही याची आमच्या घरात एक गोष्ट होती आणि ती वस्तीत सगळ्यांना माहीत होती. मी चौथीत असताना जयंतीला सकाळी विहारापुढं मुलांची भाषणं होती. माझं नाव पुकारलं. मी पुढं गेले, "आदरणीय" एवढा शब्द बोलले आणि खाली पडले. दातखीळ बसली. बायकांनी कांदा फोडून नाकाशी धरला, चप्पल हुंगवली, तेव्हा शुद्धीवर आले. आबा, म्हणजे माझे वडील, पाटकरी होते, कालव्याचं पाणी सोडायचं काम करायचे. त्यांनी रजा काढून मला सांगलीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मुलीला काही झालेलं नाही. आबांना ते पटलं नाही. पाचवीची शाळा पलूसला, जायची वाट कालव्याच्या काठानं. वाटेत मुलगी पडली तर धरायला कोण, म्हणून त्यांनी पाचवीला घातलेलं नाव काढून आणलं. आमच्या घरात शिक्षणाला किती मानत हे मी वेगळं सांगायला नको. नाव काढून आले त्या दिवशी आबा जेवले नाहीत.

ही गोष्ट दहा-अकरा वर्षांनी पुन्हा वर आली. नव्वद साल उलटून गेलं होतं. मला कवठे महांकाळकडच्या एका गावातलं स्थळ आलं. मुलगा मिरजेत कामाला, घर कोरडवाहू पण माणसं चांगली. मुलगा मला बघून गेला होता. तो फार बोलला नाही. जाताना पायातला काटा काढायला आमच्या उंबऱ्याशी बसला आणि माझ्या आईकडे सुई मागितली. सुई मी नेऊन दिली. एवढीच आमची ओळख, पण मला तो आवडला होता. पसंती आली, सुपारीचा दिवस ठरला. आणि मग निरोप आला, की मुलीला फिट येते असं कळलं, आम्हाला जमणार नाही.

आज मला वाटतं, येत असती फिट तरी काय झालं असतं. अशा बाया संसार करतात, मी बघितल्या आहेत. पण तेव्हा आमच्या घरात कुणी मेल्यासारखं झालं. हे कुणी सांगितलं याचा आबा शोध घेऊ लागले. चुलत्यावर संशय, हौसाबाईंवर संशय. आठ दिवसांत वस्तीतली दोन घरं आमच्याशी बोलेनाशी झाली.

नवव्या दिवशी कासारीण मावशी आली. तिच्या डोक्यावर टोपली नव्हती. तिला तशी मी पहिल्यांदाच बघितली. आबा बाजेवर बसले होते. ती समोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आबा, कुणाला बोलू नका. म्या सांगितलंय."

त्या गावात तिचा भाऊ राहायचा. वर्षातून एकदा ती भावाकडे जायची तेव्हा टोपली बरोबर न्यायची. तिथल्या बायकांनी हात भरताना तिला विचारलं, तुमच्याकडची अमकी मुलगी कशी आहे. मावशीनं उजव्या हातावर सांगितलं, की मुलगी गुणाची आहे, कामाला स्वच्छ आहे, मोठ्यानं बोललेली कुणी ऐकली नाही. मग एकीनं विचारलं, आणखी काही? तोवर ती डाव्या हातावर आली होती. तिनं सांगितलं, की लहानपणी एकदा पडली होती, दातखीळ बसली होती, असं ऐकलंय, मी बघितलेलं नाही.

"डाव्या हातावर सांगितलं म्या," मावशी आबांना म्हणाली. "दोनदा सांगितलं, ऐकल्यालं हाय म्हनून. पर त्या बायांस्नी माजा हात कुठं ठावं हाय? त्यांनी दातखीळ तेवढी उचलली."

आबांनी बाजेवरून पाय खाली घेतले. मग म्हणाले, "मावशी, ऐकल्यालं हाय म्हनून सांगितलं तरी सांगितलंच की वो."

"व्हय," मावशी म्हणाली. "इतकी वर्सं मला वाटत हुतं, हात बदलला की माजं काम झालं."

ती उठली आणि मागच्या दारी आली. मी धुण्याच्या दगडापाशी बसले होते. माझ्याजवळ बसून म्हणाली, "शालन, तुज्याबद्दल समदी बोलली. आई बोलली, चुलती बोलली, मी बोलले. तुला कुणी इचारलंय का गं, काय झालं हुतं?"

मला खरंच कुणी विचारलं नव्हतं. मी पायाकडे बघत, घरात जे सांगत तेच सांगितलं. डोळ्यांपुढं अंधारी आली, मग काही कळलं नाही.

"मग?"

"मग चुलतीनं कांदा आणला."

"मग?"

"मग बाया म्हनल्या चप्पल आना. कुणीतरी शेजारच्या बापूची आनली. आई म्हनली ती नको, तिला श्यान लागलंय, दुसरी बघा."

मावशी माझ्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "दातखीळ बसल्याल्या पोरीला चपलेचं श्यान कळलं व्हय?"

माझे कान तापले. दहा वर्षं जे मी माझ्या सख्ख्या आईला सांगितलं नव्हतं ते एका चपलेवरून उघडं पडलं. मला काहीही झालेलं नव्हतं. भाषण पाठ होतं, पण समोर एवढी माणसं बघून पुढचा शब्द तोंडातून येईना. पळून गेले असते तर आबांना खाली बघावं लागलं असतं. म्हणून मी पडले. डोळे मिटले आणि दात आवळून धरले. मला वाटलं होतं, घरी उचलून नेतील आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरतील. मग सांगलीच्या डॉक्टरकडे नेलं, मग शाळेतून नाव काढलं. प्रत्येक पायरीवर सांगावंसं वाटलं आणि प्रत्येक पायरीवर ते आधीपेक्षा अवघड झालं.

मी रडत हे सगळं सांगितलं. मावशी ऐकत राहिली. मी म्हणाले, "तुमी सांगा आबांना. मला जमायचं न्हाई."

"मी सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "माजं परत ऐकल्यालंच की. आन् माज्या ऐकल्याल्यानं काय झालंय, बघतीयास न्हवं? तू हुतीस आत, डोळं मिटून. तूच सांग."

"आबा मारतील."

"मारत्याल. नायतर रडत्याल. म्या बसते हितं."

मी आत गेले. आबांच्या समोर उभी राहिले आणि सांगितलं. किती वेळ लागला माहीत नाही. आईनं मध्येच डोक्याला हात लावला. आबांनी मारलं नाही. ते म्हणाले, "म्हंजे त्यो डाक्टर खरं बोलत हुता. म्या त्येला येडा ठरवला." मग थोड्या वेळानं, कुणाला तरी वेगळ्यालाच सांगावं तसं म्हणाले, "पाचवीला नाव घातलं हुतं. म्या सोताच्या हातानं काढून आनलं." त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी धुतलेला सदरा घातला आणि म्हणाले, "चल. त्यांनाबी तूच सांगायचं." ठरलेलं लग्न मोडलेल्या घरी मुलीनं स्वतः जायचं, असं आमच्यात कुणी केलेलं नव्हतं. आई नको म्हणत राहिली. मावशी रात्री आमच्याकडेच राहिली होती, ती बरोबर आली. तासगावला एसटी बदलून आम्ही गेलो.

त्या घरी सोप्यात सात-आठ माणसं बसली होती. मुलगा नव्हता, कामावर गेला होता. मी उभी राहिले. या वेळी पडायची मुभा नव्हती. मी खांब धरला आणि बोलले. भाषणाचं, चपलेचं, डॉक्टरचं, शाळेचं, सगळं. मुलाची आई पदर तोंडाशी धरून ऐकत होती. संपल्यावर तिनं एकच विचारलं, "हे तुला हितं येऊन बोलायला कुणी शिकवलं?"

मी मावशीकडे बघितलं. मावशी जमिनीकडे बघत होती.

"कुणी न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी चहा दिला. कळवतो म्हणाले. परत येताना एसटीत मावशी माझ्या शेजारी बसली होती. तासगाव येईपर्यंत ती बाहेरची रानं बघत होती. मग म्हणाली, "समदं खरं बोललीस आन् शेवटाला एक खोटं बोललीस."

"व्हय."

"बरं केलंस. न्हाईतर त्यांनी म्हनलं आसतं, कासारनीनंच पडवलं आन् कासारनीनंच उटवलं."

पुढच्या बाकावर बसलेल्या आबांची पाठ हलली. ते हसत होते. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच.

त्यांचा निरोप पंधरा दिवसांनी आला, आणि तो नाही असाच होता. एका माणसाकडून आम्हाला कळलं, की मुलाची आई राजी होती, पण त्याचे चुलते म्हणाले, जी मुलगी दहा वर्षं बापाला फसवते ती नवऱ्याचं काय करेल. मला त्याचा राग आला नाही. त्यांचं म्हणणं मी पुष्कळदा मनात उलटून बघितलं आहे. सुई मागणाऱ्या त्या मुलाचं मात्र बरेच दिवस वाईट वाटत होतं.

मावशीनं त्यानंतर ऐकलेलं सांगणं सोडून दिलं. दोन्ही हातांवर ती बघितलेलंच सांगायची, त्यामुळे गोष्टी लवकर संपायच्या आणि उरलेल्या बांगड्या ती गप्प बसून भरायची. बायकांना ते आवडलं नाही. चुलती म्हणायची, "मावशी, आता तुमच्यापेक्षा रेडिओ बरा." एक-दोघी पलूसच्या दुकानातून बांगड्या आणू लागल्या. मावशीनं कुणाला कारण सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दीड वर्षानं माझं लग्न कराडकडे झालं. माझ्या सासऱ्यांनी बघायला आल्यावर आबांना विचारलं होतं, "तुमचीच मुलगी का ती, जी स्वतः जाऊन सांगून आली?" गोष्ट तिथवर कशी पोचली, कुणाच्या तोंडून, किती मीठ-मसाल्यानं, काही माहीत नाही. आबा हो म्हणाले. सासरे म्हणाले, "मग दुसरं काय विचारायचं नाही." लग्नाचा चुडा मावशीनंच भरला. माझा हात त्या दिवशी सैल होता, एकही बांगडी फुटली नाही. भरून झाल्यावर ती माझे दोन्ही हात थोडा वेळ धरून बसली.

नंतर तिचं फिरणं थांबलं. गुडघे गेले, दुकानं वाढली. मी माहेरी गेले की तिच्या घरी एक चक्कर टाकायची. शेवटची गेले तेव्हा दशक संपत आलं होतं, माझी मुलगी तीन वर्षांची होती. मावशी ओसरीवर घोंगडीवर बसली होती. सुनेनं आधीच सांगितलं, की माणसं ओळखत नाहीत, काहीबाही बोलतात, मनावर घेऊ नका. मी नाव सांगितलं. तिनं मान डोलावली, पण तिला ते कळलेलं नव्हतं. माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं बघत तिनं चहा घेतला आणि थोड्या वेळानं आपण होऊन गोष्ट सांगायला लागली.

तुमच्याच अंगाची एक पोर होती, म्हणाली. लाजरी, लय लाजरी. भाषणाला उभी राहिली आणि पडली. "म्या फुडंच बसले हुते. तिची पापणी हालली, म्या बघितलं. म्या म्हनलं, हिला काय झाल्यालं न्हाई." मावशी त्या दिवशी आमच्या वस्तीवर नव्हतीच. ती तेव्हा पलूसला होती, हे तिनंच मला पूर्वी सांगितलं होतं. मी तिला थांबवलं नाही. मग तिनं स्थळाचं सांगितलं, एसटीचं सांगितलं. पोरीनं सोप्यात उभं राहून सगळं सांगितलं, म्हणाली, आणि ऐकून त्या घरातली माणसं रडली. मुलगा कामावरून धावत आला. त्याच घरात लग्न झालं. "म्या गेले हुते चुडा भराय. हिरवा भरला. त्यांच्यात निळा भरत्यात, पर म्या हिरवा भरला."

सून आतून म्हणाली, "आत्या, दमाल. निजा आता."

मावशीनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "झालं न्हवं तिचं लगीन तितंच? कुणी मोडलं तर न्हाई?"

माझी मुलगी माझ्या पदराशी खेळत होती. तिला मांडीवर घेतलं आणि मी म्हणाले, "न्हाई मावशी. कुणी न्हाई मोडलं. तितंच झालं."

"सुखात हाय का?"

"हाय."

तिनं उरलेला चहा बशीत ओतला आणि बशी माझ्या मुलीच्या ओठांना लावली.